इथं कुणी पडत नाही

नागसेन : ताई, मेथी डाव्या हातानं निवडायची सवय कधीपासून लागली?

रुक्मिणीबाई : आजपासनं. उजवा दमलाय.

नागसेन : दमलाय म्हणून पदराखाली घातलाय?

रुक्मिणीबाई : थंडी वाजतीया त्याला.

नागसेन : ऑक्टोबरच्या उन्हात? मोशीत?

रुक्मिणीबाई : नागसेनभाऊ, तुमी कंपनीतनं रिटायर झाला का पोलिसातनं? तुमच्या वाटनीची जुडी अजून तशीच पडलीया. निवडा की गप.

नागसेन : दाखवा तो हात.

रुक्मिणीबाई : न्हाई.

नागसेन : मग सिस्टरला हाक मारतो.

रुक्मिणीबाई : थांबा, थांबा. लई हट्टी मानूस. हं, बगा. आन हळू बोला, मावशी तितं फरशी पुसती हाय.

नागसेन : अरे देवा. मनगट टम्म झालंय वो. निळं पडलंय. केव्हा आपटलात?

रुक्मिणीबाई : आपटले न्हाई. झोपेत अंगाखाली आला.

नागसेन : झोपेत हात निळा पडत नाही ताई.

रुक्मिणीबाई : बरं बाबा, पडले. परवा सकाळी. आंघूळ करून बाहेर निगाले आन पडले. झालं मन भरलं तुमचं?

नागसेन : अन् दोन दिवस असंच अंगावर काढायलात? सिस्टरला का नाही सांगितलं?

रुक्मिणीबाई : सांगून वर जाऊ? तुमाला नियम ठावं न्हाई? ह्या 'निवांत' वृद्धाश्रमात पाऊल टाकलं त्या दिवशीच सांगत्यात, जो पडंल त्यो वरच्या मजल्यावर. वर गेलं की पलंगाला कठडं, खुर्चीला पट्टा आन खाली डायपर. मंग कुनी पडत न्हाई. कस्तुराला बगितलं न्हवं? गेल्या दिवाळीला माझ्यासंगं रोज फाटकापतुर यायची. रस्त्यानं जानाऱ्या बायांच्या साड्यांना नावं ठिवायची. येकदा पडली आन वर गेली. गेल्या गुरवारी भेटाया गेले तर माझ्याकडं नुसती बगत बसली. येक शबूद न्हाई. खुर्चीला बांदल्यालं मानूस बोलनार तरी काय?

नागसेन : हं.

रुक्मिणीबाई : आन परवा रविवारी त्या बोर्डावर दोनशे व्हत्यात. मालक उद्धवराव येनार, समद्यांची पोरं-सुना येनार, पेढं, फोटो. माझा अर्जुन येनार वाकडवरनं. तवा मी म्हनू व्हय, त्यो आकडा पुसा, मी पडले म्हनून?

नागसेन : तो बोर्ड. 'पडझडीविना दिवस'. उद्धवरावांनी तो कुठनं उचललाय माहीत आहे? त्यांनी चाकणला कंपन्यांच्या शेड बांधल्या ना, तिथल्या गेटवर बघितला असणार. आमच्या कंपनीतही होता. 'अपघाताविना इतके दिवस'.

रुक्मिणीबाई : मंग चांगलाच हाय की.

नागसेन : चांगलाच वाटायचा. तीनशे भरले की माणशी एक प्रेशर कुकर मिळणार होता. माझ्या शेजारच्या प्रेसवर समाधान म्हणून एक जण. मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, ढिलं होतं, बोट चेपलं त्याचं. त्यानं काय करावं? चिंधी गुंडाळली अन् चूप. का, तर आपल्यापायी सगळ्यांचा कुकर जाईल. बोट चिघळलं, कापावं लागलं. घरी लागलं म्हणून सांगितलं त्यानं.

रुक्मिणीबाई : आगं बाई.

नागसेन : तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. गार्ड ढिलंच राहिलं ना वो. कुणाला पत्ताच नाही. पुढं सेकंड शिफ्टच्या एका पोराचा अख्खा पंजा गेला.

रुक्मिणीबाई : आन कुकर?

नागसेन : त्याच्या आधीच मिळाला होता. समाधानलाही मिळाला. त्यानंतर मी सेफ्टी कमिटीवर गेलो, अन् रिटायर होईपर्यंत एकच गोष्ट सांगत फिरलो. लागलं तर बोला, नुसतं लागता लागता राहिलं तरी बोला.

रुक्मिणीबाई : तुमचं बोलनं गोड हाय. पर मला वर जायाचं न्हाई.

नागसेन : ते असू द्या. पडलात नेमकं कुठं, ते सांगा.

रुक्मिणीबाई : बाथरूमच्या दारात. पानी भाईर येऊ नये म्हनून त्यो विटांचा कट्टा घातलाय न्हवं, त्याला पाय अडला. पाय वला, कट्टा वला. गेले मी.

नागसेन : त्या कट्ट्याला?

रुक्मिणीबाई : व्हय. का वो, आसं का इचारताय?

नागसेन : काही नाही.

रुक्मिणीबाई : नागसेनभाऊ.

नागसेन : मीपण तिथंच पडलो होतो. गणपतीत.

रुक्मिणीबाई : तुमी? आवं, गणपतीत तर तुमी लंगडत व्हता. संधिवात म्हनला व्हता मला. मी माझं तेल दिलं तुमाला चोळाया.

नागसेन : तेल चांगलं होतं.

रुक्मिणीबाई : वा रं सेफ्टीवाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

नागसेन : हसा, हसा. माझी मुलगी मैत्री रहाटणीत राहते, दोन खोल्यांत चौघं. मला बांधून ठेवलंय कळलं तर ती मला एक दिवस इथं ठेवणार नाही. घरी नेईल अन् स्वतः स्वयंपाकघरात झोपेल. मग तोंड कसं उघडू? भीती वाटली ताई. सरळ सांगतो, भीती वाटली.

रुक्मिणीबाई : भ्या मला बी वाटतंय. आता दोघं मिळून भिऊ.

नागसेन : कस्तुराबाई कुठं पडल्या होत्या, आठवतं?

रुक्मिणीबाई : कस्तुरा? ती बी आंघुळीवनंच येत व्हती. आंगावर वला टावेल व्हता. आन ती... थांबा. ती बी कट्ट्यावरच व्हती पडल्याली. मीच तिचं डोकं मांडीवर घेतलं व्हतं.

नागसेन : बघा.

रुक्मिणीबाई : म्हंजे पाडलं कट्ट्यानं आन बांदून घातलं तिला?

नागसेन : त्यांना वाटलं, बाईच्या पायात जोर राहिला नाही.

रुक्मिणीबाई : जोर व्हता की तिच्या पायात. माझ्या म्होरं चालायची ती. आन आमी समदी वर्षभर त्यो कट्टा ओलांडतोय, पडतोय, उठतोय आन संधिवात सांगतोय. द्या ती मेथी हिकडं. न्हाई, ऱ्हाऊ द्या. चला, उठा.

नागसेन : कुठं?

रुक्मिणीबाई : सिस्टरकडं.

नागसेन : ताई, नीट विचार करा. एकदा बोललं की बोललं.

रुक्मिणीबाई : राग आलाय तवर चला. राग गेला की पुन्यांदा भ्या वाटंल.

*

विजयश्री : आजी, बोटं हलवा. सगळी. आता मूठ करा. नाही होत? बरं, राहू द्या. दोन दिवस असा हात घेऊन फिरताय तुम्ही? मी इथली नर्स आहे, रोज तुमचं बीपी बघते, आणि मला कळलं नाही.

रुक्मिणीबाई : डावा हात म्होरं करीत व्हते मी.

विजयश्री : एक्स-रे काढावा लागेल. आत्ताच निघू, मी रिक्षा बोलावते.

रुक्मिणीबाई : आधी बोर्ड पुसा.

विजयश्री : आधी हात.

नागसेन : सिस्टर, दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागणार नाहीत.

विजयश्री : काका, तुम्ही बसा. दार लोटून घ्या. हे बघा, मी स्पष्ट बोलते. आज शुक्रवार. आजींचा हात मी आज दाखवून आणते, प्लास्टर लागलं तर घालून आणते, त्यात एक मिनिटही उशीर करणार नाही. फक्त रविवारी आजींनी वर विश्रांती घ्यावी. सोमवारी मी स्वतः बोर्ड पुसते.

नागसेन : सोमवारी म्हणाल, आता पुढच्या शंभरानंतर बघू.

विजयश्री : नाही म्हणणार.

रुक्मिणीबाई : पोरी, तू भ्यालीयास.

विजयश्री : हो, घाबरलेय. तुम्ही नव्हता तेव्हा, मागच्या वर्षी एक आजोबा पडले. खुबा मोडला. पंधरा-वीस नातेवाईक आले, मोबाईल समोर धरून माझं शूटिंग केलं. मला खुनी म्हणाले. माझी मुलगी दुसरीत आहे आजी, तिच्या वर्गातल्या आयांनी तो व्हिडिओ बघितला. त्यानंतर उद्धवरावांनी नियम केला आणि मी मान डोलावली. बांधलेला माणूस पडत नाही. पडला नाही की कुणी ओरडत नाही.

रुक्मिणीबाई : कस्तुरा ओरडत बी न्हाई.

विजयश्री : मला माहीत आहे.

रुक्मिणीबाई : तुला काय म्हाईत हाय?

विजयश्री : बसून बसून त्यांच्या पाठीला जखम झालीय. रोज सकाळी मीच ड्रेसिंग करते. जखम बोर्डावर येत नाही ना. बोर्डावर फक्त पडणं येतं. मी नर्सिंग शिकले आजी, पट्टे बांधायला नव्हते शिकले.

नागसेन : सिस्टर, एक विचारू? तो कट्टा तुम्हाला कधी नडला?

विजयश्री : कुठला? बाथरूमचा?

नागसेन : हं. मी पडलो तिथं. या पडल्या. कस्तुराबाई तिथंच पडल्या.

विजयश्री : तुम्हीपण? काका, तुमचा तो संधिवात...

रुक्मिणीबाई : संधिवात न्हवं, लबाडी व्हती.

विजयश्री : अरे देवा. मीसुद्धा पडलेय तिथं. जुलैत, हातात बेडपॅन होतं. इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं, उठले आणि फरशी पुसून काढली.

रुक्मिणीबाई : आन दुसऱ्या दिवशी बोर्डावर येक वाढवला?

विजयश्री : वाढवला.

रुक्मिणीबाई : म्हंजे समदी येकाच माळेचं मनी.

विजयश्री : आजी, मी उद्धवरावांना काय सांगू? त्यांनी पाहुणे बोलावलेत.

रुक्मिणीबाई : तू काय बी सांगू नगंस. मी सांगते. हितं इमारत न्हवती तवा आमच्या गवारीचं शेत व्हतं, उद्धवराव तवा हाफचड्डीत फिरत व्हता. मला त्याचं भ्या न्हाई. भ्या येकाच गोष्टीचं हाय, तू रविवारी मला वर कोंडशील. तेवडं करू नगंस. मला खाली बसू दे. जमंल?

विजयश्री : माझी नोकरी जाऊ शकते.

रुक्मिणीबाई : व्हय. जाऊ शकती. खोटं कशाला बोलू?

नागसेन : सिस्टर?

विजयश्री : आजी, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवू की मागं?

*

(रविवार दुपार. वरचा मजला, कस्तुराची खोली. कस्तुरा पट्टा लावलेल्या खुर्चीत. खालून हातोड्याचे घाव ऐकू येतात.)

रुक्मिणीबाई : कस्तुरा, ऐकू येतंय का? ठाक ठाक? त्यो कट्टा फोडत्यात. आपला वैरी.

नागसेन : ताई, त्यांना सुरुवातीपासून सांगा. मधनंच काय सांगताय.

रुक्मिणीबाई : सांगती की. तर गं कस्तुरा, खाली ह्ये हॉल भरल्याला. फुगं बांदल्यालं, पेढ्याचं ताट मांडल्यालं. माझा हात प्लास्टरमधी, हाड चिरलंया म्हनं, आन प्लास्टर पदराखाली. अर्जुन शेजारी बसलाय, सुनंशी बोलतोय, त्याला पत्ता न्हाई. उद्धवराव भाषन ठोकतोय, आमच्याकडं ज्येष्ठांची फुलागत काळजी घेत्यात, आन आसं, आन तसं.

नागसेन : खडू हातात घेतला. बोर्डाकडं वळला. दोनचा आकडा काढला.

रुक्मिणीबाई : तवा मी उठले. म्हनलं, उद्धवराव, हात थांबवा. त्यो आकडा खोटा हाय. मी पडले. आन पदरातनं प्लास्टर भाईर काढलं.

नागसेन : हॉलभर माना वळल्या ना वो, सगळ्यांच्या ताईंकडं.

रुक्मिणीबाई : पयला उठला कोन, तर आमचा अर्जुन. आई, आत्ताच्या आत्ता चल घरी, मी ह्यांच्यावर केस करतो. मी म्हनलं, बस खाली. तुझ्या बाविसाव्या मजल्यावर बी मी पडले व्हते, त्या आरशागत फरशीवर, दोनदा. तू हापिसात व्हतास. आली का केस माझी कुटं? बसला त्यो.

नागसेन : उद्धवरावांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. म्हणतात, वयच आहे, होतं असं, आजींना आपण वर चांगली जागा देऊ.

रुक्मिणीबाई : म्हनलं, वर नगं. आधी ह्ये ऐका. त्या बाथरूमच्या कट्ट्याला अडून आजून कोन कोन पडलंय? हात वर करा. कस्तुरा, येकानं हात वर करावा का? समदी पेढ्याकडं बगत्यात. मला वाटलं, गेलं. आता मी येकलीच जाते वर.

नागसेन : मग मी उठलो.

रुक्मिणीबाई : तुमी लगीच न्हाई उठला.

नागसेन : गुडघा धरला होता. उठलो ना पण.

रुक्मिणीबाई : उठला. आन मंग आपली दुर्गाबाई. तिचं ऐक. म्हनती, मी कुटं पडले, मी नुसती बसले. कट्ट्यावर. जोरात.

नागसेन : त्यावर लोक हसले अन् बांध फुटला बघा. निरंजन मास्तर उठले. त्यांच्या मागच्या दोघी उठल्या. स्वयंपाकाच्या मावशी दारातनं हात वर करून उभ्या. कुणाचं मनगट, कुणाचं टाळकं, कुणाची कंबर. अर्धा हॉल उभा राहिला.

रुक्मिणीबाई : आन सगळ्यात मागनं सिस्टर. भरल्या डोळ्यांनी म्हनली, मी बी पडले, आन रोज सकाळी त्यो आकडा मीच वाढवत व्हते. मला पोरीचा लई अभिमान वाटला, कस्तुरा. नोकरी पनाला लावली तिनं.

नागसेन : उद्धवराव चिडले. मला कुणी सांगितलं का नाही?

रुक्मिणीबाई : म्हनलं, सांगनाऱ्याला तुमी वर न्हेऊन बांदता, मंग सांगंल कोन? तसाच तरातरा बाथरूममधी गेला. आमी समदी मागं वरात.

नागसेन : पँट वर धरली अन् स्वतः बादलीभर पाणी ओतलं. पाणी जायला पाहिजे मोरीकडं, अन् आलं दाराकडं. बांधकामवाला माणूस, त्याला कोण काय सांगणार? तिथंच उकिडवा बसला. म्हणाला, उतार उलटा दिलाय माझ्याच मिस्त्रीनं. तो लपवायला कट्टा घातलाय.

रुक्मिणीबाई : उताराची चूक झाकाया कट्टा, कट्ट्याची झाकाया पट्टा, आन पट्ट्यावर त्यो बोर्ड. त्याला तोंडावर सांगितलं मी.

नागसेन : मिस्त्रीला फोन केला. रविवारचं मटण चाललेलं त्याचं, ताटावरनं उठवला. अन् मग उद्धवराव हॉलमध्ये आले, आपल्या हातानं बोर्ड पुसला अन् मोठं शून्य काढलं. कस्तुराबाई, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शून्याला टाळ्या पडल्याचं मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

रुक्मिणीबाई : पेढं बी वाटलं. दोनशेचं पेढं शून्यावर खाल्लं. ह्यो तुझा. तोंड उघड. हां. नागसेनभाऊ, बगा, बगा. हसतीया ती.

नागसेन : हसतायत खऱ्या.

विजयश्री : आजी, काका, तुम्ही इथं? मी सगळं घर शोधलं.

रुक्मिणीबाई : ये पोरी. नोकरी ऱ्हायली का?

विजयश्री : राहिली. उद्धवराव म्हणाले, सोमवारपासून बोर्डावर आकडा नको, कोण कुठं धडपडलं आणि आपण काय दुरुस्त केलं, तेवढं लिहायचं. पडला तो वर, हा नियम बंद. पण कस्तुराआजींच्या मुलाला विचारल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नका, म्हणाले. म्हणून खंडूदादांना फोन करत होते.

नागसेन : काय म्हणाला खंडू?

विजयश्री : चाकणला ओव्हरटाइमला होता. म्हणाला, सिस्टर, पट्टा सोडला अन् आई पडली तर? मी खोटं नाही बोलले. म्हटलं, पडू शकतात. भिंतीला दांडे लावू, वॉकर देऊ, सोबत माणूस ठेवू, तरी पडू शकतात. मग त्यानं विचारलं, आई बोलते का? म्हटलं, नाही. म्हणाला, मग सोडा पट्टा.

रुक्मिणीबाई : शाना हाय पोरगा.

विजयश्री : रडत होता. काका, जरा खुर्ची धरा. ही कडी घट्ट बसलीय. हं. निघाला.

रुक्मिणीबाई : कस्तुरा, निगाला बग. फेक तिकडं.

विजयश्री : आज फक्त उभं राहायचं आजी, बाकी काही नाही. वॉकर धरा. काका, तुम्ही डावीकडे. रुक्मिणीआजी, तुम्ही लांब व्हा, तुमचा हात मोडलाय.

रुक्मिणीबाई : येक मोडलाय, दुसरा हाय की.

विजयश्री : हळू. गुडघे सरळ. हां, हां. उभ्या राहिल्या. काका, आजी उभ्या राहिल्या.

नागसेन : बघतोय ना. डोळ्यात पाणी आलंय, नीट दिसत नाही.

विजयश्री : बास, आजच्याला पुष्कळ झालं. पाय थरथरतायत, बसवू या. काय म्हणाल्या त्या?

रुक्मिणीबाई : बोलली. आगं, बोलली ती. खिडकी म्हनली.

विजयश्री : खिडकीपर्यंत? नको, नको, लांब आहे ती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा उभ्या राहिल्यात. पडतील आजी.

रुक्मिणीबाई : पडली तर उचलू. तिघं हाय की आपुन.